वाचक विचारतात : आत्महत्यांचा दर इथे जास्त, तिथे कमी, असे का?

गेल्या अंकात २०२२च्या राज्यवार आत्महत्यादरांचा नकाशा दिला होता. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, वार्षिक अहवालावरून तो काढला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत. वाचताना मन अस्वस्थ झाले किंवा घरात कुणाची काळजी वाटत असेल, तर आधी १४४१६ हा क्रमांक टिपून घ्या. ही सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. ती मोफत असून चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. बाकीचे नंतर वाचले तरी चालेल.

'महाराष्ट्र देशात पहिला' अशी बातमी सगळीकडे होती. तुमच्या नकाशात मात्र सिक्कीम पहिले आणि महाराष्ट्र बराच खाली. खरे कोणते?
— समाजशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे

दोन्ही खरे, कारण याद्या दोन आहेत. बातमी संख्येची होती. २०२२मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे १३.३ टक्के. त्याखालोखाल तमिळनाडू १९,८३४. पण महाराष्ट्राची लोकसंख्याच साडेबारा कोटींच्या घरात आहे. दर काढताना वर्षभरातल्या नोंदींना त्या वर्षाच्या मध्यावरच्या अंदाजित लोकसंख्येने भागतात आणि लाखाने गुणतात. तसे केले की महाराष्ट्र १८.१ वर येतो. देशाची सरासरी १२.४. सिक्कीम ४३.१, अंदमान-निकोबार ४२.८, पुदुच्चेरी २९.७, केरळ २८.५, छत्तीसगड २८.२.

छोट्या प्रदेशांचे आकडे जपून वाचायला हवेत. सिक्कीमची लोकसंख्या सात लाखांहून कमी आहे. वर्षात सात मृत्यू कमी-जास्त झाले की दर एका अंकाने हलतो. अंदमानात चार पुरतात. म्हणून एका वर्षावर निकाल देऊ नये, पाच वर्षांची सरासरी घ्यावी. तशी घेतली तरी सिक्कीम वरच राहते, हेही खरे. आणि त्याच ईशान्य भारतातले मणिपूर, नागालँड देशात अगदी तळाशी दिसतात.

प्रबंधासाठी हे आकडे वापरणार असाल तर दोन गोष्टी तळटिपेत टाकाच. भागाकारातली लोकसंख्या ही २०११च्या जनगणनेवरून पुढे नेलेला अंदाज आहे. आणि हा दर वयानुसार समायोजित केलेला नाही. देशातल्या सुमारे दोन तृतीयांश आत्महत्या १८ ते ४५ या वयातल्या आहेत, त्यामुळे लहान मुले जास्त असलेल्या राज्याचा दर आपोआप खाली येतो. उत्तरेकडची तरुण राज्ये आणि वयस्क होत चाललेले केरळ यांना एकाच रांगेत उभे करण्यापूर्वी वयोगटवार दर काढून ते एकाच प्रमाण लोकसंख्येला लावावे लागतात.

बिहार विदर्भापेक्षा गरीब. तरी तिथला दर ०.६? मग गरिबीचा आणि आत्महत्येचा संबंध नाही असेच म्हणायचे का?
— निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर

०.६ म्हणजे वर्षाला सातशेच्या आसपास नोंदी, आणि तेही जवळपास महाराष्ट्राएवढ्या लोकसंख्येत. हा आकडा बिहारच्या समाजाबद्दल थोडे सांगतो आणि नोंदवहीबद्दल बरेच जास्त.

मृत्यू एनसीआरबीच्या तक्त्यात पोहोचतो तो पोलिसांमार्फत. गावातून ठाण्यात वर्दी जाते, अकस्मात मृत्यूची नोंद होते (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४खाली), पंचनामा, शवविच्छेदन, अंतिम अहवाल, मग जिल्ह्याचा आकडा राज्याकडे आणि राज्याचा दिल्लीला. यातली कोणतीही कडी निसटली की मृत्यू 'अपघात' ठरतो, 'आजार' ठरतो किंवा कुठेच लागत नाही. महाराष्ट्रात १९६७च्या ग्राम पोलीस कायद्याने गावोगावी पोलीस पाटील आहे आणि संशयास्पद मृत्यूची खबर देणे हे त्याचे कामच आहे. वर्दी न देता अंत्यविधी उरकणे इथे तुलनेने अवघड. डॉक्टरने मृत्यूचे कारण प्रमाणित करण्याचे प्रमाण देशभर मिळून २०२०मध्ये २२.५ टक्केच होते. गोव्यात ते जवळजवळ शंभर टक्के, बिहारमध्ये नगण्य.

लपवण्याला कारणेही सबळ असतात. आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९खाली दीर्घकाळ गुन्हा होता. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची धार बोथट केली आणि १ जुलै २०२४पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम राहिलेच नाही. पण ठाण्याची भीती कायदा बदलला म्हणून लगेच जात नाही. लग्नाला सात वर्षे न झालेल्या सुनेचा मृत्यू असेल तर हुंडाबळीची चौकशी लागते, म्हणून सासरचे 'पोटात दुखत होते' असे सांगतात. आणि बदनामी नको, म्हणून पुष्कळदा माहेरचेही गप्प बसतात.

पोलिसांना वगळून घरोघरी विचारणा केली की चित्र बदलते. मृताच्या नातलगांशी आणि शेजाऱ्यांशी बोलून मृत्यूचे कारण ठरवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. त्या पद्धतीने २०१०साठी देशातल्या आत्महत्यांचा अंदाज सुमारे १,८७,००० निघाला. एनसीआरबीकडे त्या वर्षी १,३४,५९९ होत्या. २०१६साठीचा एक आंतरराष्ट्रीय अंदाज २,३०,३१४चा होता, पोलिसांचा आकडा १,३१,००८. तमिळनाडूतल्या वेल्लोरजवळ ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने एका ग्रामीण तालुक्यात १९९४ ते १९९९ असे बारकाईने मोजले, तेव्हा लाखामागे ९५च्या आसपास दर निघाला. तमिळनाडूत नोंद बरी होते असे आपण समजतो, तरी ही तफावत.

म्हणजे उत्तर-दक्षिण फरक सगळा कागदीच का? नाही. २०१६च्या त्याच अंदाजांत नोंदीतली गळती भरून काढल्यावरही सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या राज्यांत स्त्रियांच्या दरात दहापट आणि पुरुषांच्या दरात सहापट अंतर उरले. फरक खरा आहे, पण पोलिसांच्या आकड्यांत दिसतो तेवढा अवाढव्य नाही.

आता गरिबी. निव्वळ दारिद्र्य आणि आत्महत्या यांचा सरळ संबंध लागत नाही, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. संबंध लागतो तो घसरणीशी : होते ते गेले, शब्द दिला होता तो पाळता येईना, चारचौघांत पत उरली नाही. त्यासाठी बिहारपर्यंत जायचीही गरज नाही. पुढचे उत्तर विदर्भाचेच आहे.

आमच्या पश्चिम विदर्भात आणि मराठवाड्यातच शेतकरी आत्महत्या का? सिंचन नाही हे एकच उत्तर मुलांना सांगावे का?
— माध्यमिक शिक्षक, यवतमाळ जिल्हा

सिंचन हा पाया आहे, पण उत्तर तिथे संपत नाही. शासनाच्या यादीतले चौदा आत्महत्याग्रस्त जिल्हे पाहा. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा हे सहा आणि मराठवाड्याचे आठही. गडचिरोली, गोंदिया, भंडारा त्यात नाहीत. गडचिरोली उत्पन्नाच्या बहुतेक मोजपट्ट्यांवर अमरावतीच्या मागे आहे, तरीही. तिकडे धान, मामा (माजी मालगुजारी) तलाव, जंगल. घरात खायला पिकते आणि लागवडीला रोख रक्कम कमी लागते. पश्चिम विदर्भातला कापूस मात्र जवळजवळ सगळा कोरडवाहू, आणि त्याचा प्रत्येक टप्पा पैशावर चालतो : बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी. पाऊस बेभरवशाचा आणि खर्च आधीच करून बसलेला, ही सांगड जीवघेणी ठरते.

वर्षाचे चक्र मुलांना फळ्यावर काढून दाखवा. जूनमध्ये पेरणी, पाऊस ओढ देतो, दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च दुप्पट. पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंत जवळजवळ बिनव्याजी पडते. पण एकदा का थकबाकीदार झाला की नवे कर्ज बंद. मग कृषी सेवा केंद्राची उधारी किंवा सावकार. ज्याच्याकडून उधार आणले त्यालाच कापूस घालायचा, असा बहुतेक ठिकाणी अलिखित करार असतो. त्यामुळे हमीभाव जाहीर झाला तरी माल खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला, त्याहून कमी भावात जातो. मार्चअखेर वसुलीचा तगादा. त्यातून सुटायला सोसायटीत कर्जाचे नवे-जुने करतात, म्हणजे कागदावर फेड आणि प्रत्यक्षात तेवढेच नवे कर्ज. लग्न, दवाखाना, बोअर यांतले एखादे मध्ये आले की चक्र तुटते. २०१७ची बोंडअळी, मराठवाड्यात २०१४ची गारपीट, मग २०१५-१६चा दुष्काळ, ज्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले; हे धक्के याच चक्रावर येऊन आदळले.

पश्चिम महाराष्ट्रात कर्ज कमी नाही. तिथे ऊस आहे, त्याला ठरलेला भाव आहे, कारखान्याचे बिल उशिरा का होईना येते, आणि जोडीला दूध दर दहा दिवसांनी पैसे देते. कोकणात घरटी कुणीतरी मुंबईला, शेतीवरचे कर्ज कमी. फरक पडतो तो दुसऱ्या उत्पन्नाने.

कर्जमाफीने काय साधले, असा पुढचा प्रश्न वर्गात येईलच. २०१७ची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ची दोन लाखांपर्यंतची, दोन्ही कर्जमाफ्या बँकांच्या आणि सोसायट्यांच्या खात्यांना लागू होत्या. सावकाराच्या वहीला त्यांचा हात लागत नाही. २००६मध्ये यादीतल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचे पॅकेज दिले. त्यातला मोठा वाटा सिंचनावर गेला, आणि सिंचन प्रकल्पाचे पाणी शेतात पोहोचायला लागणारा काळ हंगामाच्या हिशेबात बसत नाही.

एक खबरदारी घ्या. वर्षानुवर्षांचे शेतकरी आत्महत्यांचे आकडे एका रेषेत जोडू नका. २०१३पर्यंत एकच गट होता (त्या वर्षी ११,७७२). २०१४पासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे झाले. तेव्हा शेतकरी ५,६५० आणि शेतमजूर ६,७१०. 'एका वर्षात निम्म्यावर' असे मथळे तेव्हा झळकले होते, आणि ते साफ चूक होते. २०२२मध्ये शेतकरी ५,२०७, शेतमजूर ६,०८३. एकूण ११,२९०, त्यांपैकी ३७.६ टक्के महाराष्ट्रातले. त्याच वर्षी पश्चिम बंगाल, बिहार आणि ओडिशा या तीन मोठ्या राज्यांनी शेतीक्षेत्रातली आत्महत्या शून्य दाखवली आहे. एकट्या पश्चिम बंगालमध्ये एकूण नोंदी १२,६६९. त्यात शेतात राबणारा एकही नव्हता, यावर कुणी विश्वास ठेवायचा!

नातलगाच्या मृत्यूचे प्रकरण 'अपात्र' ठरले. म्हणजे ती आत्महत्या शेतकऱ्याची नव्हती असा अर्थ होतो का?
— बीड जिल्हा

नाही. 'पात्र' हा शब्द फक्त मृताच्या कुटुंबाला मिळणाऱ्या शासकीय मदतीच्या नियमापुरता आहे. २३ जानेवारी २००६च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती तीन गोष्टी पाहते : नापिकी, राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे थकलेले कर्ज, आणि वसुलीचा तगादा. यांपैकी कागदावर न बसणारे बरेच काही बाहेर राहते. बटईने किंवा मक्त्याने करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. बायकांच्या नावावर तो क्वचितच असतो. कर्ज कृषी केंद्राच्या उधारीचे किंवा बिनपरवाना सावकाराचे असेल तर दाखला देणार कोण?

प्रकरण फेरविचाराला द्यायचे असेल तर आधी निर्णयाची प्रत आणि चौकशी अहवाल हाती घ्या. माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. नेमकी कोणती अट अपुरी ठरली ते त्यात लिहिलेले असते, आणि तेवढ्याच मुद्द्यावर पुरावा जोडावा. सरसकट अर्ज पुन्हा दिला तर उत्तरही पुन्हा तेच येते. सातबारा वडिलांच्या नावे असेल तर नाते दाखवणारी कागदपत्रे, आठ-अ, सोसायटीचा थकबाकी दाखला आणि नोटीस आली असल्यास तिची प्रत. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल प्रलंबित म्हणून प्रकरणे रखडतात. त्यासाठी ठाण्यात लेखी विचारणा करून पोच घ्या. समितीचा निर्णय काहीही झाला तरी संजय गांधी निराधार योजना आणि राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना यांचा अर्ज वेगळा करता येतो. त्यांत मृत्यूचे कारण आड येत नाही, उत्पन्नाच्या अटी मात्र आहेत.

महसूल खात्याचे आकडे आणि एनसीआरबीचे आकडे जुळत नाहीत, ते यामुळेही. एक मदतीसाठी मोजतो, दुसरा पोलिसांच्या नोंदीवरून.

केरळ शिकलेले, दवाखाने चांगले. तरी दर २८.५?
— ठाणे

नोंद चांगली होते, हा पहिला भाग. लोकसंख्या वयस्क, हा दुसरा. ते वजा करूनही उरते ते पुरुषांचे : तिथल्या पाच आत्महत्यांत जवळपास चार पुरुषांच्या. दारू, कर्ज, परदेशी गेलेल्या मुलांमागे एकटे पडलेले म्हातारपण, आणि शिक्षणाने वाढलेल्या अपेक्षेला साजेसे काम न मिळणे, ही कारणे अभ्यासकांच्या लिखाणात वारंवार येतात. दर एकसारखाही राहिलेला नाही. २००२च्या सुमारास तो तीसच्या आसपास होता, २०१६पर्यंत बावीसच्या आसपास उतरला आणि पुन्हा चढला. तिथल्या वायनाडची गोष्ट यवतमाळच्या वाचकांनी जरूर पाहावी. २०००नंतर मिरी आणि कॉफीचे भाव कोसळले तेव्हा तिथेही शेतकरी आत्महत्यांची लाट आली. पाऊस भरपूर, शिक्षण भरपूर, पण नगदी पीक आणि कर्ज तेच. राज्याने २००६च्या कायद्याने शेतकरी कर्जनिवारण आयोग नेमला आणि खासगी कर्जांनाही त्याच्या कक्षेत आणले.

वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी आहे. तिथे आत्महत्या कमी का नाहीत?
— वर्धा

वर्ध्यात १९७५पासून आणि गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे. पहिला जिल्हा चौदांच्या यादीत, दुसरा नाही. चंद्रपुरात २०१५ला बंदी आली, २०२१ला उठली. बिहारमध्ये २०१६पासून आहे, पण तिथला नोंदलेला दर त्याआधीही कमीच होता. यावरून बंदीच्या बाजूने वा विरुद्ध काही सिद्ध होत नाही. दारूचा वाटा आहे हे नक्की : ती खचलेपण वाढवते, आवेग मोकाट सोडते आणि घरातल्या बाईचे जगणे असह्य करते. एनसीआरबीच्या तक्त्यात व्यसन ६.८ टक्केच दिसते, कारण तपास अधिकारी एकच कारण भरतो. नवरा पितो, कर्ज आहे, रोज मारहाण होते, बायको जाते. रकान्यात लागते 'कौटुंबिक समस्या'. हा रकाना सर्वांत मोठा आहे, ३१.७ टक्के, आणि सर्वांत निरुपयोगीही.

सगळी चर्चा शेतकऱ्याची. बायकांचे काय?
— सोलापूर

रास्त तक्रार. २०२२मध्ये ४८,१७२ स्त्रियांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या २५,३०९ 'गृहिणी', म्हणजे निम्म्याहून जास्त. ही संख्या शेतीक्षेत्राच्या दुपटीहून मोठी आहे. बातम्या किती, ते तुम्हीच मोजा. जगभरात आत्महत्येने जाणाऱ्या स्त्रियांत भारतीय स्त्रियांचा वाटा १९९०मध्ये २५.३ टक्के होता, २०१६मध्ये ३६.६. लग्न हे बाईला आधार देते असे समाजशास्त्राची जुनी पुस्तके गृहीत धरतात. आपल्याकडे लवकर झालेले लग्न, लगेच मूल, पैशावर हक्क नाही आणि माहेरी परतायची सोय नाही, अशा घरात ते उलटे काम करते. वेल्लोरच्या त्याच भागात १० ते १९ वयाच्या मुलींचा दर लाखामागे १४८ निघाला, मुलांचा ५८. श्रीमंत देशांत पुरुषांचा दर स्त्रियांच्या तिप्पट असतो. इथे त्या वयात गणित पालटलेले. शिवाय शेतात राबणारी बाई सातबारावर नाव नसल्याने 'गृहिणी' म्हणूनच मोजली जाते, त्यामुळे शेतीच्या संकटातला तिचा वाटा तक्त्यात दिसतच नाही.

आमच्या मंडळाला तालुक्याचा दर काढून फलक लावायचा आहे. कसा काढावा?
— युवक मंडळ, अहिल्यानगर जिल्हा

दर काढा, फलक लावू नका. तालुक्यात दोन लाख लोक आणि वर्षाला तीस मृत्यू असतील तर दर १५. पुढच्या वर्षी चाळीस झाले तर २०. 'एक तृतीयांशाने वाढ' असा फलक लागेल, पण एवढ्या लहान संख्येत असा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. पाच वर्षांची बेरीज करून पाचने भागा, स्त्री-पुरुष आणि वयोगट वेगळे काढा, आणि गावाचे नाव देऊ नका. तालुक्याबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात मृत्यू झाला तर नोंद तिथल्या ठाण्यात सुरू होते, हे जमेस धरा. नाहीतर शहर उगाच वर आणि खेडी उगाच खाली दिसतात.

जाहीर मांडायचे ते तहसीलदार, तालुका आरोग्य अधिकारी आणि ग्रामपंचायत यांच्यापुढे मांडा. फोटो, नाव, चिठ्ठीतला मजकूर, कसे केले याचे वर्णन यांतले काहीही नको. भारतीय पत्र परिषदेने २०१९मध्ये वृत्तपत्रांना हेच नियम घालून दिले आहेत, कारण ठळक आणि तपशीलवार बातम्यांनंतर त्याच वयोगटात आणखी मृत्यू झाल्याचे अनेक देशांत दिसले आहे.

गावपातळीवर नेमके काय करता येते? शिबिरे झाली, उपयोग दिसला नाही.
— ग्रामपंचायत सदस्य, वाशीम जिल्हा

शिबिर जूनमध्ये घेतले तर पेरणी सोडून येणार कोण? आणि एका दिवसाच्या भाषणाने कुणाचे औषध सुरू होत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातलेच कार्यकर्ते प्रशिक्षित केले, बचतगटांत आणि पारावर छोट्या बैठका घेतल्या, समुपदेशक घरी गेले, गरजेपुरते मानसोपचारतज्ज्ञ जोडले. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेले आणि वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. चौदा जिल्ह्यांतल्या शासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पात आशाताईंनी घरोघरी विचारणा करावी अशी योजना आहे. तुमच्या गावची यादी शेवटची कधी झाली ते आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

विचारण्याची प्रश्नावली नऊ प्रश्नांची असते, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहा किंवा जास्त आली तर डॉक्टरकडे पाठवायचे. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आले तर बेरीज न पाहता त्याच दिवशी हालचाल करायची. चूक इथेच होते. बेरीज सहाच आली म्हणून कागद फायलीत जातो. दुसरी चूक म्हणजे हा प्रश्न घरच्यांसमोर विचारणे. सासूसमोर सून काय सांगणार? 'जीव द्यावासा वाटतो का' असे सरळ विचारल्याने डोक्यात विचार घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते.

ज्याच्याबद्दल काळजी आहे त्याला एकटे सोडू नका, आणि शेतीची कीटकनाशके त्या घरातून हलवून दुसरीकडे कुलपात ठेवा. एका फवारणीपुरतेच आणायचे, उरलेले घरात साठवायचे नाही, हा नियम सगळ्या गावालाच लावला तर कुणा एकाकडे बोट जात नाही. संकटाचा तो आवेग बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो आणि तेवढ्या वेळेत साधन हाताशी नसणे याने जीव वाचतात. श्रीलंकेत १९९५मध्ये दर लाखामागे ४७ होता. अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर तो पुढच्या काळात मूळच्या साधारण एक तृतीयांशावर आला. शेतीचे उत्पन्न त्याने घटले नाही.

प्रयत्नातून वाचलेल्या माणसाकडे गाव पाठ फिरवते, आणि खरा धोका त्यापुढच्या महिन्यांत असतो. चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयातून सोडताना तासभर नीट बोलणे आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा भेट किंवा फोन एवढेच केले. आत्महत्येने मृत्यू २.२ टक्क्यांऐवजी ०.२ टक्के झाले. नऊ तारखा आशाताईंच्या वहीत आजच लिहून ठेवता येतात. गोळ्या सुरू झाल्या असतील तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात हे घरच्यांना आधीच सांगा. आठवड्यात काही फरक नाही म्हणून सोडून देणारेच जास्त. आणि पीक हाती न आलेल्या वर्षी दिवाळीनंतर आणि मार्चच्या वसुलीच्या काळात भेटी वाढवा.

भाऊ परभणीजवळ गावी, मी न्यू जर्सीत. फोनवर त्याचे बोलणे बरोबर वाटत नाही.
— अमेरिकेतून

आजच गावातल्या एका विश्वासातल्या माणसाला फोन करून त्याच्याकडे प्रत्यक्ष जायला सांगा, आणि तो पोहोचेपर्यंत भावाशी बोलत राहा. समजूत घालू नका, हिशेब मांडू नका, 'मुलांकडे बघ' असेही नको. त्याला बोलू द्या आणि सरळ विचारा. १४४१६ हा लघुक्रमांक परदेशातून लागेलच असे धरू नका. तो भावाने किंवा त्या माणसाने तिथून लावायचा. धोका तातडीचा असेल तर त्यांनीच ११२ लावून जिल्हा रुग्णालय गाठावे. तुमच्याकडे कर्जाची रक्कम फेडायची ऐपत असेल तर ती बोलणी नंतर करा. आज रात्री त्याच्याजवळ कोण झोपणार आहे ते आधी ठरवा. आणि हे सगळे तुम्हालाच पेलवेनासे झाले तर तिकडे ९८८ ही मदतवाहिनी आहे; ब्रिटनमधल्या वाचकांसाठी ११६ १२३.